पिळाचा झोत आणि आजोबांची बायॉप्सी

बाळांनो, आजोबांची मूत्रपिंडाची बायॉप्सी झाली, हे तुम्हाला फोनवर कळलंच आहे. ती इतकी का लांबली, ते नीट लिहून ठेवते.

परळच्या डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट होतं. सुईने मूत्रपिंडाचा बारीकसा तुकडा काढायचा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. त्याशिवाय औषध ठरणार नाही. आजोबा ऐकेनात.

"अगं, आपल्या नातीकडे तसलंच यंत्र आहे ना? तिच्या प्रयोगशाळेतच पाठवू तुकडा. तिचा इलेक्ट्रॉनांचा झोत पिळाचा आहे, इथला साधा."

गिरगावात त्यांचा जन्म गेला. शिंपी, सोनार, दातांचा डॉक्टर, सगळे ओळखीतले. परक्याच्या हातात काही द्यायचं नाही, ही त्यांची जुनी रीत. इकडे पायांची सूज वाढत होती आणि त्यांना समजावून समजावून मी थकले होते. शेवटी एका सकाळी त्या थोरल्या नातीलाच फोन लावला आणि मोबाइल त्यांच्यासमोर धरला.

"आजोबा, चाळीमागचा गोल जिना आठवतो? माझ्या इलेक्ट्रॉनांची लाट तशी वळत वळत पुढे जाते. मधे पोकळी राहते."

"म्हणजे जास्त दिसत असणार!"

"वेगळं दिसतं. आधी उजव्या पिळाचा झोत सोडायचा, मग डाव्या. दोन्हींत काय फरक पडतो, त्यावरून लोखंडाच्या पातळ थरातलं चुंबकत्व कळतं. तुमच्या मूत्रपिंडात आहे का लोखंड?"

"दगड असतील."

"ते डोक्यात," मी मागून म्हटलं.

थोरली हसली, मग हळूच म्हणाली, "आजोबा, तुम्हाला साधा झोतच हवा. आणि खरं सांगू? समोर ठेवलं तरी मला मूत्रपिंडातलं काही कळणार नाही."

त्यांनी मोबाइल जवळ ओढला. "तिथे बघणारा कोणी ओळखीचा?"

"नाही. पण त्याचं कामच ते आहे."

त्याच आठवड्यात आम्ही परळला गेलो. सुई झाल्यावर त्यांना उताणं निजवलं होतं. तुकड्याची बाटली न्यायला एक तंत्रज्ञ मुलगी आली, तर हे पडल्या पडल्या तिला नातीचा पीळ समजावू लागले. जिना, पोकळी, उजवा, डावा, सगळं. ती मधेमधे "हो, हो" म्हणत होती. मी बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसले होते, तरी आवाज येत होता.

आत गेले तेव्हा म्हणाले, "चांगली आहे पोरगी. आता झाली ओळख."

रिपोर्ट अजून यायचा आहे. सूज तशीच आहे.