मेव्हिस हॉरॉक्सचं पुढचं दार

आमच्या अल्मा स्ट्रीटवर पुढच्या दाराला काही काम नव्हतं. माणसं यायची ती मागच्या बोळातून, अंगणातून, थेट स्वयंपाकघरात, आणि तीही दार न वाजवता, नुसतं "मी गं!" म्हणून ओरडत. पुढचं दार उघडायचं ते नवरी निघताना, डॉक्टर किंवा पोलीस आला तर, नाहीतर शवपेटी बाहेर काढताना. नवऱ्या काय रोज निघतात? त्यामुळे पुढच्या दारावर थाप पडली की घरातली बाई हातातलं काम टाकून आधी देवाचं नाव घ्यायची.

मेव्हिस हॉरॉक्सचं पुढचं दार शेवटचं उघडलं होतं चौऱ्याहत्तर साली, तिच्या नवऱ्याची, वॉल्टरची, पेटी त्यातून निघाली तेव्हा. मागे राहिली ती आणि बारा वर्षांचा नेव्हिल. शाळेत पोरांना दुपारचं जेवण वाढायचं काम करून तिनं त्याला वाढवला. बाई अंगानं बारीक, पण आवाज असा की तिनं "रांगेत!" म्हटलं की मास्तरसुद्धा सरळ व्हायचे. गिरणी बंद पडली तेव्हा नेव्हिल अठराचा होता. गावात काम म्हणून उरलं नव्हतं. तो आणि शेजारच्या आयडा क्लेगचा बॅरी एकाच दिवशी जाऊन आरमारात नाव घालून आले. बॅरी तोफांवर गेला, नेव्हिल जहाजाच्या स्वयंपाकघरात. दोघांना जहाजही एकच मिळालं.

आता आयडाचं सांगायलाच हवं. भिंतीला भिंत लागून घरं, पण या दोघींचा पाच वर्षांचा अबोला होता. सत्त्याहत्तर साली राणीच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून आख्ख्या गल्लीनं रस्त्यात टेबलं मांडून जेवण केलं. मेव्हिसनं तिची मटण-बटाट्याची पाय केली होती. हे म्हणजे वरून पिठाची पोळी लावून भट्टीत भाजतात ते, आमच्याकडचं खरं जेवण. आयडानं एक घास खाल्ला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अगं मेव्हिस, मीठ काय फावड्यानं घातलंस काय?" गल्ली हसली. मेव्हिसच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती पायचं भांडं उचलून घरी गेली ती गेलीच. पुढे पोरं आरमारात गेल्यावर तिला आणखी एक कारण मिळालं: आयडाच्या पोरानंच आपल्या पोराला फूस लावली. तसं काही नव्हतं, पण रागाला काय, काहीही चालतं.

ब्याऐंशीचं सालच तसलं होतं. जानेवारीत बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला. उन्हाळ्यात पोप येणार म्हणून समोरच्या पॉलिटबाईंनी घडीची खुर्ची घेऊन ठेवली होती. राजपुत्राच्या बायकोला दिवस गेलेले, त्यामुळे निम्मी गल्ली पांढरी लोकर विणत बसलेली. आणि एप्रिल उजाडला तो फॉकलंड बेटं घेऊन. "असतील स्कॉटलंडच्या वर कुठंतरी," असं पॉलिटबाई दुकानात ठासून सांगत होत्या. बेटं निघाली पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला. दुसऱ्या देशाच्या फौजेनं ती बळकावली होती, ती सोडवायला आरमार निघालं तिकडे.

ज्या दिवशी जहाजं बंदरातून सुटली, त्या दिवशी मेव्हिसनं टीव्हीवर ते सगळं पाहिलं, बँड, झेंडे, रडणाऱ्या पोरी. मग उठून तिनं खणातून पेचकस काढला आणि पुढच्या दारावरची, दार वाजवायची पितळी कडी उतरवून टाकली. टपालाच्या फटीत जुनं फडकं कोंबलं. बसायच्या खोलीतलं ताटवाट्यांचं अवजड कपाट एकटीनं ढकलत नेऊन दाराला आतून टेकवलं. कुणाला काही बोलली नाही. पण गल्लीला कळायचं ते कळलं, आणि कुणी तिची थट्टा केली नाही. नाही म्हणायला पोस्टमन एकदा म्हणाला, "काय हो बाई, राणीचं पत्र आलं तरी मागनंच आणून देऊ का?"

"राणी स्वतः आली तरी तिला म्हणावं मागनंच ये," मेव्हिस म्हणाली. "आणि पाय पुसून ये."

नेव्हिलची पत्रं यायची पातळ निळ्या कागदावर. अडीचशे माणसांना चिप्स तळतो, तेल हातावर उडतं, बॅरीला रोज जास्तीचा सॉसेज देतो. मेव्हिस ती पत्रं ॲप्रनच्या खिशात ठेवायची आणि कुणी विचारलं की म्हणायची, "आमचा स्वयंपाकघरात असतो. खाली, आत. त्याला काय होतंय?" हे ती दिवसातून चारदा म्हणायची. स्वतःला ऐकू जावं म्हणून म्हणत होती, दुसरं काय.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, एका संध्याकाळी, बातम्यांत सांगितलं की आपलं एक जहाज गेलं. माणसं दगावली आहेत. जहाजाचं नाव आत्ता सांगता येत नाही.

नाव सांगता येत नाही! मग सांगितलंत कशाला? आरमारात पोरगा असलेल्या देशभरातल्या घरांचा जीव त्या एका वाक्यानं टांगणीला लागला. मेव्हिसनं टीव्ही बंद केला, परत लावला, परत बंद केला. भिंतीपलीकडे आयडाच्या टीव्हीचंही तेच चाललेलं तिला ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. सकाळी उठून तिनं मटणाची पाय करायला घेतली. कुणासाठी ते तिलाही माहीत नव्हतं, पण हाताला काहीतरी हवं होतं. मीठ मात्र दोनदा चाखून घातलं. दुपारी एकच्या बातम्यांत रेडिओवर नाव सांगितलं.

नेव्हिलचंच जहाज.

बरेचसे खलाशी वाचले आहेत, काही गेले, घरच्यांना कळवण्याचं काम चालू आहे, असं पुढे सांगत होते. मेव्हिसनं रेडिओ बंद केला. तिच्याकडे फोन नव्हता. आयडाकडे होता. पाच पावलांवर, भिंतीपलीकडे, फोन होता. पण जाऊन काय म्हणणार? पाच वर्षं जिच्याशी एक शब्द नाही, तिला आता "फोन करू दे" म्हणायचं? "बरेचसे वाचले," ती स्वतःशी म्हणाली. "बरेचसे म्हणजे बहुतेक सगळेच की." मग तिनं घरातली प्रत्येक चादर, प्रत्येक टॉवेल, धुतलेले पडदेसुद्धा गोळा केले आणि धुवायला काढले.

दोनच्या सुमाराला पहिला पिळा वाळत घालायला ती अंगणात आली. भिंतीपलीकडे आयडा उभी होती. हातात कपडा नाही, चिमटा नाही, नुसती उभी. चेहरा रडून सुजलेला. मेव्हिसनं एकदा पाहिलं आणि नजर दोरीवर नेली.

"मेव्हिस..." आयडा म्हणाली.

पाच वर्षांतला तो पहिला शब्द. मेव्हिसच्या हातातला चिमटा तसाच राहिला. ती वाट पाहत राहिली. आयडाचं तोंड उघडलं, मिटलं. मग ती वळली आणि घरात गेली.

'अजून अकड जात नाही बयेची,' मेव्हिसच्या मनात आलं. पण त्यात पूर्वीचा जोर नव्हता.

आत येऊन तिनं धुण्याचं यंत्र परत लावलं. ते जुनं धूड चालू झालं की कपाटातल्या बश्या थरथरायच्या, बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. तेच हवं होतं तिला. अर्धा तास ती त्या धडधडीजवळ उभी राहिली. पाणी काढलं, परत भरलं. मग नेव्हिलच्या खोलीतली उशीची खोळ राहिली म्हणून वर गेली.

नेव्हिलची खोली रस्त्याच्या बाजूची. खोळ ओढताना तिचं सहज बाहेर लक्ष गेलं. खाली गडद निळी मोटार उभी होती. तिचं पुढचं चाक मेव्हिसच्या घरापुढे, मागचं आयडाच्या. आणि आयडाच्या पुढच्या दारात पाठमोरा एक माणूस, आरमाराचा काळा गणवेश, पांढरी टोपी काखेत धरलेली. दार उघडं होतं. आयडाचं पुढचं दार! तो आत गेला आणि दार लागलं.

मग समोरच्या घरांचे पडदे ओढले जाऊ लागले. आमच्याकडे गल्लीत कुणी गेलं की सगळी घरं पुढचे पडदे ओढून घेतात आणि प्रेत निघेपर्यंत उघडत नाहीत. कुणी सांगावं लागत नाही. आधी दुकानाचं घर, मग कोपऱ्यावरचं, मग मधली दोन. शेवटी पॉलिटबाई खिडकीशी आल्या. त्यांनी वर पाहिलं, मेव्हिसची नि त्यांची नजरानजर झाली. पॉलिटबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली, मान खाली घातली आणि पडदा ओढला.

बॅरी गेला.

मेव्हिस पलंगाच्या कडेवर बसली. आणि खरं तेच सांगायचं तर, तिला बरं वाटलं. अंगातला सगळा ताण एकदम उतरला. मोटार आली, ती आपल्या दारी आली नाही. आयडाच्या दारी गेली. "देवा, उपकार झाले," असं ती मोठ्यानं म्हणाली. म्हणाली आणि दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं. बॅरी तिच्या अंगणात रांगलेला पोर होता. त्याच्या गुडघ्यावर तिनं औषध लावलं होतं.

ती उठली. तोंड धुतलं, केस विंचरले, ॲप्रन सोडून चांगला स्वेटर घातला. मटणाची पाय अजून कोमट होती. तिनं ती स्वच्छ फडक्यात बांधली आणि मागच्या दारानं निघाली. बोळातून आयडाच्या अंगणाकडे वळताना तिनं बोलायचं ते ठरवलं होतं. पण आयडाच्या स्वयंपाकघराचं दार ढकललं आणि तोंडून निघालं ते जुनंच.

"मी गं!"

आयडा टेबलाशी कोट चढवत उभी होती. एक बाही घातलेली, एक लोंबती. मेव्हिसला पाहून ती जागच्या जागी थिजली.

"काही बोलू नकोस," मेव्हिस म्हणाली. "एक अक्षर बोलू नकोस. मी मूर्ख बाई, त्या मटणाच्या पायवरून पाच वर्षं घालवली. होतंच मीठ जास्त, तुला आज सांगते. बस तू. कोट घालून कुठं निघालीस? मी आहे ना. मी करते चहा."

"मेव्हिस, आधी तू बस."

"मी कशाला बसू? तू बस. बॅरी माझाही पोरच होता गं. दोघं एकत्र गेले, नेव्हिल आला की त्यालाच सांभाळावं लागेल, तो कसा राहणार त्याच्याशिवाय..."

"बॅरी वाचलाय," आयडा म्हणाली.

यंत्राची धडधड भिंतीतून ऐकू येत होती. मेव्हिसच्या हातात पायचं भांडं तसंच होतं.

"दीड वाजता फोन आला. हात भाजलेत, पण आहे." आयडा रडत होती. "मी अंगणात आले होते तुला विचारायला, तुला काही कळलं का म्हणून. तुझं तोंड बघितलं आणि माझ्याच्यानं बोलवेना. मला आनंद झाला होता मेव्हिस, आणि तुझ्यासमोर तो दाखवायचा कसा?"

"बरं झालं," मेव्हिस म्हणाली. "बरं झालं हो. मग... मग गल्लीनं पडदे कुणासाठी ओढले?"

आयडानं पुढे होऊन मेव्हिसच्या हातातलं पायचं भांडं घेतलं आणि टेबलावर ठेवलं. बसायच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"आत साहेब बसलेत, त्यांनी तुझं दार वाजवलं," आयडा म्हणाली. "बोटांनी वाजवलं, कितीतरी वेळ. कडी नाही ना. सगळी गल्ली बघत होती. मग ते माझ्याकडे आले, विचारायला की हॉरॉक्सबाई घरात आहेत का. मी म्हटलं, बसा, मी आणते त्यांना. मीच येत होते गं तुझ्याकडे. मागनं."

तो माणूस दारात येऊन उभा राहिला. तरुण होता, टोपी दोन्ही हातांत धरलेली. त्यानं नाव विचारलं, मेव्हिसनं मान डोलावली. त्याला सांगायचं ते त्यानं सांगितलं, चांगल्या शब्दांत सांगितलं. बाँब स्वयंपाकघराच्या बाजूला लागला होता. काही विचारायचं आहे का, असं शेवटी तो म्हणाला.

"घरी कधी आणणार त्याला?" मेव्हिसनं विचारलं.

त्यानं आयडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाई, जहाज तिथंच बुडालं. तो जहाजातच आहे."

मेव्हिस ओरडली नाही, पडली नाही. "तुम्ही चहा घ्या," असं त्याला म्हणाली आणि मागच्या दारानं बाहेर पडली. आयडा एक बाही लोंबत तशीच तिच्यामागे धावली.

मेव्हिस आपल्या स्वयंपाकघरातून सरळ बसायच्या खोलीत गेली आणि दाराला टेकवलेल्या कपाटाला खांदा लावला. कपाट हललं नाही. एप्रिलमध्ये एकटीनं ढकलत आणलेलं, आता बोटभर सरकेना.

"काय करतेस गं?" आयडा म्हणाली.

"दार मोकळं करते. वॉल्टर यातनं गेला. नेव्हिलला निघायला दार नको?"

आयडानं तिच्याकडे पाहिलं. पेटी येणार नव्हती, काही येणार नव्हतं, हे दोघींनी आत्ताच ऐकलं होतं. आयडानं कोट काढून खुर्चीवर टाकला, कपाटाचं दुसरं टोक धरलं आणि म्हणाली, "माझ्याकडे ढकल. बश्या सांभाळ."

दोघींनी मिळून कपाट हलवलं. मेव्हिसनं टपालाच्या फटीतलं फडकं उपसून काढलं, खिटी वर केली आणि आठ वर्षांनी ते दार आत ओढलं. बाहेर भर दुपारचं ऊन पडलं होतं आणि समोरच्या सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढलेले होते.