कस्तुराताई आणि हँडलातल्या मुंग्या

कस्तुराताई मोटारसायकलींच्या सीटा शिवतात. पिंपळे गुरवला, एका गिरणीशेजारी त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, जाड सुईचं जुनं मशीन आणि छतापर्यंत रचलेला फोम. त्या मूळच्या गंगाखेडकडच्या. लग्नानंतर इकडं आल्या आणि चाकणच्या एका कारखान्यात सीट कव्हरं शिवायला लागल्या. पुढं ते युनिट दुसरीकडं हललं. बरोबरच्या बायका इतर कंपन्यांत गेल्या, कस्तुराताईंनी मात्र हे शटर भाड्यानं घेतलं. हाताला सफाई होती, गिऱ्हाईक टिकलं. इतकी वर्षं सीटा शिवल्या, पण मोटारसायकल त्यांनी कधी चालवली नव्हती, आणि त्यात काही अडतंय असंही त्यांना कधी वाटलं नव्हतं.

ते वाटायला लावलं गोरक्षनं. हा चाकणजवळच्या खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. कंपनीत फिटर होता. बायको तनुजा तळवड्याला नोकरी करायची, म्हणून दोघं पिंपळे गुरवला राहायला आलेली. त्यानं हौसेनं मोठी गाडी घेतली होती, साडेतीनशे सीसीची, एकाच सिलिंडरची. रोज तीच घेऊन चाकणला जायचा. त्याची तक्रार अशी, की कंपनीत पोचल्यावर हाताला मुंग्या आलेल्या असायच्या. पाना हातात धरला तरी बोटं आपली वाटायची नाहीत. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, सीट कडक आहे, मऊ करून घे.

कस्तुराताईंनी मऊ फोम घालून दिला. काही दिवसांनी गोरक्ष परत आला. त्यांनी फोमचा आणखी एक थर चढवला. तो पुन्हा आला, तेव्हा त्यालाच ओशाळल्यासारखं झालं होतं.

"मावशी, बसताना गादीवानी वाटतं बघा. पण मोशीच्या पुढं गेलं की पुन्हा तेच. आता तर कंबर बी धरती."

दुसरं कुणी असतं तर गाडीतच दोष आहे म्हणून मोकळं झालं असतं. कस्तुराताईंच्या डोक्यातून मात्र ते जाईना. बसायची जागा एकीकडं आणि मुंग्या हाताला, हे कसं? पोळ्या लाटताना त्या मधेच थांबायच्या आणि लाटण्यावर हाताची पकड कशी बसते ते बघत राहायच्या. शेवटी त्यांनी गोरक्षला सांगितलं, की मला एकदा मागं बसवून फिरवून आण.

त्या फेरीत त्यांना स्वतःचीच चूक कळली. मऊ फोम त्यांच्या वजनानं पार दबला होता, आणि प्रत्येक खड्ड्याला खालचं कडक फायबर लागत होतं. हाताला मऊ लागणारी वस्तू बसायला मऊ असतेच असं नाही, हे त्यांना दुकानात फोम दाबून कधी कळलं नसतं. गोरक्षची कंबर का धरते, ते समजलं. पण मुंग्यांचं कोडं तसंच राहिलं, कारण मागं बसलेल्याच्या हातात हँडल नसतं.

घरी आल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मला गाडी शिकायचीय."

दत्तोबा कंपनीची बस चालवतात. पहिल्या शिफ्टची माणसं चाकणला पोचवायची आणि परत आणायची, हे त्यांचं काम. त्यांना आधी हसू आलं. मग ते म्हणाले, "सीट शिवायला गाडी कशाला यायला पायजे? उद्या चपला शिवणारा म्हणंल, मला पळायला शिकवा."

कस्तुराताईंनी यावर खरोखरच विचार केला. "शिकला तर चपला चांगल्या होतील की," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दत्तोबांनीच अर्ज आणून दिला. शिकाऊ लायसन काढून झालं आणि गुरुवारी, कारखान्यांना सुट्टी असते तेव्हा, तळवड्याच्या लहान युनिटांमधल्या मोकळ्या रस्त्यावर शिकवणी सुरू झाली. गाडी दत्तोबांचीच, जुनी, हलकी. क्लच सोडताना ती झटके देऊन बंद पडायची. एकदा वळणावर खडीवरून चाक सरकलं आणि कस्तुराताई आडव्या झाल्या. गुडघा सोलवटला. दत्तोबा घाबरले, आता पुरे म्हणाले. कस्तुराताई उठल्या आणि त्यांनी आधी विचारलं, पडायच्या आधी हँडल हलकं का झालं होतं? त्या दिवसापासून दत्तोबांनी पुरे हा शब्द काढला नाही.

हात बसल्यावर गोरक्षनं आपली गाडी त्यांच्या हाती दिली आणि स्वतः मागं बसला. गाडी जड होती. सुरुवातीला कस्तुराताईंचं सगळं लक्ष तोल सांभाळण्यात गेलं. चाकणच्या रस्त्याला लागल्यावर वेग वाढला, आणि अचानक त्यांच्या तळहातात बारीक गुणगुण सुरू झाली. मशीनवर जाड रेक्झीन शिवताना सुईखालच्या लोखंडी पट्टीतून अशीच थरथर येते. रस्ता तर गुळगुळीत होता. त्यांनी क्लच दाबला आणि ॲक्सिलरेटर सोडला. गाडी त्याच वेगात पुढं चालली होती, पण गुणगुण थांबली.

त्यांनी गाडी कडेला घेतली. "हे रस्त्याचं न्हाई, अन् सीटचं बी न्हाई," त्या म्हणाल्या. "इंजिनातून यायलंय."

परत येताना त्यांनी आणखी एक करून पाहिलं. त्याच वेगात चौथ्या गिअरला हात झिणझिणायचे, पाचवा टाकला की पुष्कळ कमी व्हायचं. गोरक्षला गिअर उशिरा बदलायची सवय होती. ते त्याला पटलं, पण पुरतं नाही. तशीच गाडी कंपनीतला त्याचा एक मित्र चालवायचा आणि त्याला हा त्रास नव्हता.

म्हणून त्यांनी दोन्ही गाड्या दुकानासमोर शेजारी शेजारी उभ्या केल्या. कस्तुराताई दोन्हींवरून हात फिरवत गेल्या. मित्राच्या गाडीत हँडलच्या टोकांना लोखंडाचे जड गोळे होते. गोरक्षच्या गाडीत तिथं टोकावर बसणारे फॅशनचे आरसे होते. ते बसवताना गोळे काढून टाकले होते. गोरक्षला वाटायचं, ती नुसती शोभा आहे. चौकातल्या गॅरेजवाल्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला की वजन त्याच्यासाठीच असतं, हँडल थरथरू नये म्हणून.

गोरक्षनं गोळे परत बसवले. कस्तुराताईंनी सीटमधला मऊ फोम काढून घट्ट फोम घातला, वर पातळसा मऊ थर ठेवला. पुढच्या सुट्टीत गोरक्ष आणि तनुजा तिच्या माहेरी, जुन्नरकडं, जाऊन आले. आल्यावर तनुजानं सांगितलं, की यांनी वाटेत हात झटकायला गाडी थांबवली नाही. हाताला अजून थोडं जाणवतं, हेही गोरक्षनं लपवलं नाही. गॅरेजवाल्याचं म्हणणं, एक सिलिंडर आहे, तेवढं हलणारच.

कस्तुराताईंना 'तेवढं' म्हणजे किती, हे अजून कळलेलं नाही. हल्ली त्या सीट उघडायच्या आधी गिऱ्हाइकाकडून किल्ली मागून घेतात. काही जण बिचकतात, काही हसतात, बहुतेक जण देतात. दोन सिलिंडरची एक गाडी आली तेव्हा चक्कर मारून त्या इतक्या उशिरा परतल्या, की मालक रस्त्यावर येऊन उभा राहिला होता.

मागच्या गुरुवारी त्या दत्तोबांना मागं बसवून चाकणच्या बाजारात कांदे आणायला गेल्या. जन्मभर दुसऱ्यांना नेणारा माणूस पहिल्यांदाच बायकोच्या मागं बसला होता. आळंदी फाट्यापर्यंत ते मागची कडी दोन्ही हातांनी धरून बसले. मग त्यांनी पुढं वाकून सांगितलं, की हाताचं ठीक आहे, पण पायाला मुंग्या यायल्यात.

"कोणत्या पायाला?" कस्तुराताईंनी विचारलं, आणि गाडी हळू केली.