चौदा नंबरची चिठ्ठी

हिलालची नूतन हट्टी, हे सुरतेत लिंबायतच्या त्या गल्लीत कुणाला नव्यानं सांगायला नको होतं. टायपिंगच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा क्लासात पहिली आली, आणि मग मास्तरांना विचारायला गेली की आधीच्या दोन वेळी माझं नेमकं चुकलं काय. पास झाल्यावर असली चौकशी कोण करतं? पण चूक कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

तिचा बाप हिलाल शिंदखेड्याकडून आलेला. बमरोलीच्या एका कापड कारखान्यात चौदा नंबरचं लूम आणि शेजारची तीन त्याच्या ताब्यात होती. नूतन रिंग रोडवर धनसुखभाईंच्या कॉम्प्युटरच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागली. चौऱ्याण्णव साली प्लेगच्या भीतीनं निम्मं सुरत रिकामं झालं, त्यात धनसुखभाईंचा प्रोग्रामर राजकोटला पळाला तो परतलाच नाही. नूतन पंधरवड्यात परतली. त्याच्या टेबलावर राहिलेलं जाडजूड पुस्तक तिनं डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचून काढलं आणि दीड वर्षात त्याच्या खुर्चीत बसली.

काम होतं कारखान्यांसाठी पडद्यावरच्या चौकटी बनवायचं. आकडा भरायची एक चौकट, पाळी निवडायची दुसरी, आणि प्रत्येक शेठला ती आपल्या तऱ्हेची हवी. त्यात एक अक्षर बदललं तरी अख्खा प्रोग्राम पुन्हा बांधायचा, पासवर्डपासून सुरुवात करून दहा पानं ओलांडायची, तेव्हा कुठे ती चौकट समोर यायची. नूतननं यावर स्वतःचं हत्यार घडवलं. काळ्या पडद्यावर 'तपास' असा हुकूम टाइप करायचा, पुढे चौकटीचं नाव. तेवढी एकच चौकट बांधली जायची, कोणती बटणं कशी दाबायची ते फाइलीत लिहून ठेवलेलं असायचं, त्याप्रमाणे ती आपोआप चालवून पाहिली जायची, आणि शेवटी 'बरोबर' असं उमटायचं, नाहीतर चुकलेल्या ओळीचा नंबर. धनसुखभाईंना आधी वाटलं की पोरगी वेळ घालवते. कारखान्यांतून तक्रारी यायच्या थांबल्या तसे तेही बोलायचे थांबले.

शहाण्णव साली बमरोलीच्या त्याच कारखान्याचं काम आलं. लूम बिघडलं की कारागिरानं शेडमधल्या कॉम्प्युटरवर लूमचा नंबर दाबायचा, एंटर मारायचा, की फिटरच्या केबिनमध्ये चिठ्ठी छापून निघणार. चौकट 'तपास'मधून पार पडली होती. पहिल्या दिवशी नूतन केबिनमध्ये प्रिंटरपाशी उभी राहिली. पहिला मान कारागिरांत वयानं मोठ्या हिलालला मिळाला. चिठ्ठी आली ती शून्य नंबरच्या लूमची. दुसऱ्यानं दाबलं, पुन्हा शून्य. आनंदा फिटर हसून म्हणाला, की या लूमला तेल कुठून घालू ते तरी सांगा.

कारखान्याचे शेठ हसले नाहीत. "आ लोकोने नै फावे," ते म्हणाले. या लोकांना हे जमायचं नाही. शनिवारपर्यंत सुधारलं तर ठीक, नाहीतर चौकट काढून टाका आणि शेडमध्ये एक टायपिस्ट बसवा. धनसुखभाईंनी लगेच नूतनचंच नाव सुचवलं. टायपिंग तिला येतच होतं.

पुन्हा टायपिस्ट व्हायचं, एवढ्यानं ती खचली नसती. पण शेठचं वाक्य तिच्या बापानं, नानांनी, शेडमध्ये उभं राहून ऐकलं होतं आणि त्या संध्याकाळी ते भाकरी अर्धी टाकून उठले. आईनं, पुष्पाबाईंनी, विचारलं तर पोट बरं नाही म्हणाले. नूतननं दोन दिवस 'तपास' चालवला, आकडे बदलले, क्रम बदलला. दर वेळी बरोबर. मग तिच्या मनात यायला नको होतं ते आलं, की चौकट बरोबर आहे, नानाच चुकले असतील. तिला स्वतःची शरम वाटली. शेठ तरी वेगळं काय म्हणाले होते?

गुरुवारी कारखान्याची सुट्टी. तिनं नानांना ऑफिसात आणलं. धुतलेली टोपी घालून ते खुर्चीच्या टोकावर बसले, मला यातलं काही कळत नाही असं तीनदा म्हणाले. तिनं चौदा दाबायला सांगितलं आणि या वेळी पडद्याकडे न बघता त्यांच्या हाताकडे बघितलं. त्यांनी एक दाबला, चार दाबला, आणि एंटर मारला. खट्-खट्. दोनदा.

"नाना, दोनदाव कसाले दाबं?"

हिलाल बुचकळ्यात पडला. आपण दोनदा दाबलं हेच त्याला ठाऊक नव्हतं. हाताकडे बघत तो म्हणाला, "एकदाव दांडा वढीसन लूम चालू व्हत नही, पोरी. तीस वरीस व्हयनात. हात आपोआप दोनदाव जास."

पहिल्या एंटरनं रकाना रिकामा व्हायचा, आणि चिठ्ठी छापायला निघण्याआधीच दुसरा एंटर येऊन रिकाम्या रकान्याचं शून्य चौदावर बसवत होता. 'तपास'च्या फाइलीतली सगळी बटणं नूतननं स्वतः लिहिलेली, टायपिंगच्या क्लासात शिकलेल्या बोटांची, एका वेळी एक. लूम चालवणारा हात त्यात कुठेच नव्हता. तिनं नवी फाइल केली, तिला नाव दिलं 'हिलाल', आणि तिच्यात प्रत्येक एंटर दोनदा लिहिला. या चौकटीसाठी 'तपास'नं पहिल्यांदाच चुकलेल्या ओळीचा नंबर दाखवला. तो नंबर बघून तिला इतका आनंद झाला की नाना घाबरले. संध्याकाळपर्यंत चौकट दुसरा एंटर गिळायला शिकली होती.

शनिवारी शेडमध्ये ती कॉम्प्युटरपाशी उभी राहिली. नानांनी आपल्या सवयीनं खट्-खट् केलं. त्यांच्यामागून सात जणांनी केलं. केबिनमधून आनंदा आठ चिठ्ठ्या नाचवत आला, एकही शून्य नव्हतं. शेठ खूश होऊन म्हणाले, की चला, अखेर शिकले हे लोक.

धनसुखभाई मान डोलावत होते. नूतन लूमच्या खडखडाटावर आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा साफ गुजरातीत म्हणाली, "ते नाही शिकले, शेठ. ते आधीही असंच दाबत होते. शिकले मी."

शेठनी तिच्याकडे पाहिलं, मग हिलालकडे. आनंदा तेलाचा डबा घेऊन चौदा नंबरपाशी आला होता, त्याला कुठला नट ढिला आहे ते दाखवायला हिलाल वळला.