चावीवालीची दुसरी हलवाहलव

आमच्या मंडळात चारशे माणसं आहेत. बहुतेकांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, कारण मंडळ इंटरनेटवर आहे. तिथला नियम एकच. मशीन बिघडलं की त्याचा आवाज रेकॉर्ड करून टाकायचा. आधी मशीनचं नाव सांगायचं, मग दहा सेकंद गप्प बसायचं. त्या दहा सेकंदांत मशीन काय ते सांगतं. बाकीचे ऐकतात आणि कुठे दुखतंय ते लिहितात. पगार कोणालाच नाही.

या मंडळाचे सगळे पासवर्ड एका बाईकडे असतात. तिला आम्ही चावीवाली म्हणतो. दिवसा ती दातांच्या कवळ्या बनवायच्या कामावर असते. मी छत्तीस वर्षं पाण्याच्या पंपांवर फिटर होतो, म्हणून मंडळात मला पंपवाले काका म्हणतात.

ती नऊ वर्षांपूर्वी आली. कवळ्या घासायच्या मोटरचा आवाज तिने टाकला होता. नाव नीट सांगितलं, पण मधेच शेजारणीला म्हणाली, "अगं थांब ना, लोक ऐकतायत." मी खाली लिहिलं, "मोटरचं नंतर बघू, आधी शेजारीण बंद करा." तासाभरात तिने दुसरं रेकॉर्डिंग पाठवलं. बेअरिंग गेलं होतं. तिने ते स्वतः बदललं आणि जुन्या बेअरिंगचा फोटो टाकला, शेजारी मोजपट्टी ठेवून. मोजपट्टी ठेवायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. बाई कामाची आहे हे मी तेव्हाच ओळखलं.

तेव्हा पासवर्ड एका टेलिफोन लाइनमनकडे होते. त्यांची नजर अधू झाली आणि ते मुलीकडे राहायला गेले. जबाबदारी कोण घेतो, असं त्यांनी विचारलं. असं काम निघालं की सगळ्यांना एकदम आपापली मशीनं आठवतात. चार दिवस कोणी हूं की चूं केलं नाही. पाचव्या दिवशी हिने लिहिलं, "शिकवलंत तर घेते." सर्व्हर म्हणजे काय हेही तिला माहीत नव्हतं. ज्या कॉम्प्युटरवर आपलं सगळं सामान ठेवलेलं असतं तो सर्व्हर, इथपासून सुरुवात होती. रोज जेवणाच्या सुट्टीत लाइनमन तिला फोनवर शिकवायचे. असं तीन महिने चाललं.

पाच वर्षांपूर्वी तिने मंडळ पहिल्यांदा एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवलं. जुनी जागा बंद झाल्यावर कळलं की अकरा महिन्यांचे आवाज आलेच नाहीत. ते गेले ते गेलेच. कोणी तिला बोल लावला नाही. आमच्यातले एक जुने सभासद होते, वंगणवाले. त्यांनी एकच शब्द लिहिला: "चालायचंच."

ती मला नंतर म्हणाली, "काका, कोणी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या 'चालायचंच'नं तोंडात मारल्यासारखं झालं."

तिने टेबलाजवळच्या कपाटावर एक कागद चिकटवला. त्यावर लिहिलं, ११ महिने. तिचा नवरा बस चालवतो. तो म्हणतो, "माणसं लग्नाची तारीख लिहून ठेवतात, आमची ही नुकसानीची ठेवते."

यंदा पुन्हा तीच वेळ आली. ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आम्ही होतो, तिने कळवलं की सोमवारी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारी बारा वाजता जागा बंद होईल. हाताशी सात आठवडे होते. चावीवालीने नवी जागा शोधली आणि तिचा पत्ता देऊन मंडळात लिहिलं, "या वेळी एकही आवाज जाणार नाही. गेला तर मी पासवर्ड परत करीन."

मी फोन केला. "शेवटचं वाक्य काढ."

"का काढू?"

"तू सोडलंस तर दुसरं कोण घेणार आहे? मंडळ बंद पडेल."

"म्हणूनच लिहिलंय. आता मला झोपा काढता येणार नाहीत."

मी पुढे वाद घातला नाही. आम्ही पंप कसे हलवायचो ते तिला सांगितलं. उघडण्याआधी जोडाच्या दोन्ही बाजूंना पंच मारून खूण करायची. नव्या पायावर पंप बसवायचा, चालवून बघायचा, आणि मगच जुन्या जागेवरून हत्यारं उचलायची. तिने सगळं वहीत उतरवून घेतलं. मग प्रत्येक आवाजाचा क्रमांक, मशीनचं नाव आणि लांबी यांची यादी केली. एकूण सहा हजार चारशे बारा. रोज कामावरून आली की दोन तास ती याच कामाला बसायची. सहा आठवडे तिने एकही दिवस चुकवला नाही.

शेवटच्या शनिवारी दुपारी तिने मला घरी बोलावलं. दोन बस बदलून गेलो. स्वयंपाकघराला लागून छोटी खोली, त्यात एक टेबल, दोन खुर्च्या. फळीवर प्लास्टरचे दहाबारा जबडे मांडलेले.

"बसा काका, चावत नाहीत," नवरा म्हणाला.

"हे कोणाचे?"

"बिघडलेले," ती म्हणाली. "काय चुकलं ते लक्षात राहावं म्हणून ठेवलेत."

तिने यादी दाखवली. जुन्या जागेवर सहा हजार चारशे बारा, नव्या जागेवरही तितकेच. लांबी सेकंदाला सेकंद जुळत होती.

"वाजवून पाहिलेस?"

"सगळे. प्रत्येकी चार सेकंद. आता तुम्ही एक ऐका आणि 'झालं' म्हणा. मग चहा ठेवते."

मी वंगणवाल्यांचं एक निवडलं. ते दोन वर्षांपूर्वी वारले. मंडळातले नऊशेबारा आवाज त्यांचे आहेत. माझा डावा कान कामातून गेलाय, म्हणून उजवा लावला. "उभा पंप, तिसऱ्या मजल्यावरचा." आवाज अगदी स्वच्छ, शेजारी बसून बोलल्यासारखा. मग शांतता. दहा सेकंद पूर्ण झाले.

"पंप कुठाय?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"माणूस बोलला. पंप बोलला नाही."

"बंद असेल," नवरा म्हणाला.

"बंद पंपाचा आवाज कोण टाकेल, अहो?" ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. तिने जुन्या जागेवरचं तेच रेकॉर्डिंग लावलं. त्यात पंप होता, बेअरिंगची खरखर होती, वंगणवाल्यांचा आवाज त्या खरखरीखाली दबलेला होता.

दहा मिनिटांत तिला कारण सापडलं. नव्या जागेवर 'आवाज स्वच्छ करा' अशी सोय होती आणि ती आधीपासूनच चालू होती. माणसाचं बोलणं ठेवायचं आणि मागचा गोंगाट पुसायचा, हे त्या सोयीचं काम. आमचं सगळं मंडळ त्या गोंगाटासाठी आहे.

तिने यादी पुढे ओढली. मग म्हणाली, "चार सेकंदांत नावच होतं. दहा ऐकायला हवे होते."

नवरा काहीतरी समजुतीचं बोलणार होता. मी त्याला खुणेने थांबवलं. तिने मनगटावरचं घड्याळ काढून बाजूला ठेवलं, सोय बंद केली, नव्या जागेवरचं सगळं पुसलं आणि पहिल्यापासून कॉपी लावली. पूर्ण व्हायला तीस तास लागणार होते. म्हणजे रविवारची रात्र. एकटीने सगळं ऐकणं शक्य नव्हतं.

तिने मंडळात लिहिलं: "चुकले. पंपवाल्या काकांनी पकडलं. प्रत्येक आवाज शेवटपर्यंत ऐकायला कान हवेत. जुना आणि नवा शेजारी लावून ऐका. सारखा असेल तर क्रमांकापुढे 'वाजलं' लिहा."

पासवर्डच्या वेळी चार दिवस गप्प बसलेली हीच माणसं. या वेळी तासाभरात त्रेसष्ट जणांनी होकार दिला. प्रत्येकाला शंभर आवाज दिले. उरलेले एकशेबारा तिने स्वतःकडे ठेवले. त्या त्रेसष्टांत मीही होतो आणि तिचा नवराही.

"मला ब्रेकशिवाय कशाचं काही कळत नाही," तो म्हणाला.

"कळायला नकोय. सारखं आहे का तेवढं सांगा."

रविवारी जसजसे आवाज येत गेले तसतसं आम्ही ऐकत गेलो. सोमवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दोन आवाज अर्धवट आले होते, त्यातला एक नवऱ्याने पकडला आणि दिवसभर मिरवला. ते दोन पुन्हा आणले. अकरा वाजून वीस मिनिटांनी शेवटचं 'वाजलं' लिहिलं गेलं. बारा वाजता जुनी जागा बंद झाली. साडेबाराला ती कामावर होती.

संध्याकाळी मी फोन केला. "पासवर्ड?"

"आहेत माझ्याकडेच. आवाज एकही गेला नाही."

"मग तो कागद काढ कपाटावरचा."

"तो कशाला काढू? ते अकरा महिने थोडेच परत आले?"

बुधवारी तिला एक पत्र आलं. वंगणवाल्यांच्या पत्नीचं. मंडळात त्या रोज यायच्या, पण नऊ वर्षांत त्यांनी एक ओळ लिहिली नव्हती. त्यांनी लिहिलं होतं: "शुक्रवारी नव्या ठिकाणी यांचा आवाज ऐकला. ते गेल्यापासून मशीनशिवाय असा पहिल्यांदाच ऐकला. आता परत मशीन आलंय. तुमचं काम मशीनचं आहे, कळतं मला. पण तो शुक्रवारचा आवाज कुठे मिळेल का?"

तो तर तिने शनिवारीच पुसला होता. चावीवालीने वेगळी जागा केली, तिथे ती सोय पुन्हा चालू केली आणि वंगणवाल्यांचे नऊशेबारा आवाज त्यातून काढले. तीन संध्याकाळी लागल्या. या वेळी प्रत्येक आवाज तिने शेवटपर्यंत ऐकला आणि मगच बाईंना पाठवला.

आठवड्याने उत्तर आलं. ते तिने मला फोनवर वाचून दाखवलं. "सातशे चाळीसमध्ये शेवटी ते 'जरा पाणी आण गं' म्हणालेत. मी तेव्हा मागेच उभी होते. मशीनच्या आवाजात मला ऐकूच आलं नव्हतं."

सातशे चाळीस त्यांनी टाकलं तेव्हा मी तीनदा ऐकलं होतं. पट्टा सैल आहे, असं खाली लिहिलंही होतं. दहा सेकंद गप्प बसायचा नियम त्यांनी मोडला होता, आणि चारशे जणांत कोणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.