बघूशेठ गाडी बघतात

चष्म्याच्या दुकानाच्या मालकाला सगळे बघूशेठ म्हणत, कारण कुठलीही गोष्ट पुढे आली की त्यांच्या तोंडून पहिला शब्द यायचा तो 'बघू'. दुकानाला नवा रंग काढायचा? बघू. दुखरी दाढ उपटायची? बघू. ती दाढ शेवटी कंटाळून आपली आपणच पडली. दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत 'हे बरं की हे?' असं विचारायचं, आणि समोरचा अडखळला की मनातल्या मनात चिडायचं, हा त्यांचा धंदा. स्वतःला मात्र सकाळी दोन शर्टांतला एक निवडायला बायको लागायची.

आठवड्यातून एकदा ते आसपासच्या खेड्यांत डोळे तपासायला जात. भिंगांची पेटी, फ्रेमांची ट्रंक, अक्षरांचा तक्ता, सगळं एका जुन्या चिमुकल्या गाडीत कोंबून. ही गाडी एकदा ओढा ओलांडताना मधोमध बसली ती बसलीच. मागचं दार उघडलं आणि फ्रेमांची ट्रंक तरंगत निघाली. खालच्या अंगाला कपडे धुणाऱ्या बायांनी ती अडवली आणि माघारी आणून दिली. त्यांतल्या एकीनं तर चष्मा लावूनच आणली, आणि मग तिला तो काढवेना.

"आता बघू नका," बायको म्हणाली, "आता घ्या."

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आपली मोठी डिझेल एसयूव्ही विकतायत, ही बातमी मेव्हण्यानं आणली. मेव्हणा पतपेढीत कारकून होता, पण गाडी, जमीन आणि कलिंगड या तिन्ही गोष्टी आपल्याशिवाय कुणी घेऊ नयेत असं त्याचं मत होतं. बरोबर एक मिस्त्रीही घेतला.

बाई साठी उलटलेल्या, उंचनिंच, पायात रबरी बूट. फाटकाशी पडलेल्या पोत्याला 'हड्' करून त्या पुढे आल्या आणि कुणी काही विचारायच्या आधीच गाडीच्या खोडी सांगायला लागल्या. दिवे मंद झालेत. पुढची काच धुरकट आहे, दोनदा बदलली तरी तीच तऱ्हा. मीटरचे आकडे पुसट झालेत. समोरून कुणी दिवे लावून आलं की उजेड असा फाकतो की रस्ताच गायब. या सगळ्यापायी किंमत कमी ठेवलीय, म्हणाल्या.

मेव्हण्यानं आत डोकावून मीटर वाचलं. तीन लाख चाळीस हजार किलोमीटर. "भाऊजी, चंद्र थोडक्यात हुकलाय," तो पुटपुटला. आणि विकणारा जर आपल्या तोंडानं एवढ्या खोडी सांगतोय, तर खरी खोड याहून थोर असणार, असं त्यानं कानात सांगितलं.

मिस्त्री गाडीखाली शिरला, वर आला, इंजिन चालू करून बराच वेळ कान देऊन उभा राहिला. इंजिनाला अजून मरण नाही, असा त्याचा निकाल पडला. दिवे लावले तर समोरच्या गोठ्याच्या भिंतीवरची पाल दचकून पळाली. बघूशेठ चालकाच्या जागेवर बसले. काच आरशासारखी स्वच्छ. मीटरचे आकडे ठसठशीत. त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. बाई अजून त्या पोत्याकडे संशयानं बघत होत्या.

आणि बघूशेठच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खोड गाडीत नव्हतीच. ती बाईंच्या दोन्ही डोळ्यांत होती.

त्यांनी घरी येऊन हे सांगितलं, तर मेव्हणा आनंदानं टुणकन उठला. "मग अडलंय कुठं? आधी गाडी घ्या, मग डोळ्यांचं सांगा. बाईंना दिसायला लागलं की त्या गाडी विकतील होय?"

 बायकोनं फक्त नवऱ्याकडे असं पाहिलं की बघूशेठ तिथून उठून दुकानात जाऊन बसले. तिथंही काही सुचेना. एका मास्तरांना त्यांनी लहान मुलीची गुलाबी फ्रेम दाखवली, आणि मास्तरांनी ती घालून आरशात पाहीपर्यंत त्यांच्या ध्यानातही आलं नाही. एकदा वाटे, सांगावं. एकदा वाटे, गाडी घेऊन सांगावं. शेवटी 'बघू' म्हणून ते दुसऱ्या दिवशी गाडी चालवून बघायला गेले.

पण बाईंनी किल्ली दिली नाही. आधी मी फिरवून दाखवते, म्हणाल्या, आणि निघाल्या.

पुढचं बघूशेठनी आयुष्यभर सांगितलं. सरळ, मोकळा, डांबरी रस्ता, आणि गाडी नागमोडी. "खड्डे फार," बाई शांतपणे सांगत होत्या. खड्डा एकही नव्हता. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, त्याला त्यांनी मोठ्या आदरानं हात केला, आणि कुठलेसे सरपंच गेले म्हणून सांगितलं. मग पुढे म्हशींचा कळप दिसला. दिसला तो बघूशेठना. बाईंचा पाय काही हलेना.

"बाई, ब्रेक!"

गाडी थांबली ती एका म्हशीच्या शेपटीशी. म्हशीनं मागं वळून पाहिलं आणि पुन्हा चालायला लागली.  बघूशेठना 'बघू' म्हणायलाही सवड मिळाली नाही.

"बाई, दिवे चांगले आहेत. काचही चांगली आहे. तुम्हाला मोतीबिंदू झालाय."

बाईंनी इंजिन बंद केलं. मग म्हणाल्या, "गाईला झाला असता तर मी बांधावरून ओळखला असता." आणि उतरून पलीकडच्या बाजूला येऊन बसल्या.

परतताना गाडी बघूशेठनी चालवली. ओढा आला, गाडी त्यातून हत्तीसारखी डुलत पलीकडे गेली, आणि बघूशेठना आयुष्यात पहिल्यांदा कुठलीतरी वस्तू मनापासून हवीशी वाटली. नेमकी ती हातची घालवल्यावर.

बाईंनी एकामागून एक दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून घेतली. तोवर मेव्हण्यानं घरी येऊन रोज या चांगुलपणाची टिंगल केली. मग एक दिवस बाईंचा निरोप आला, येऊन जा.

बाई गाडीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "हीच का ती? हिच्यातून मी हिंडत होते?" दारांच्या खालून गंजाची झालर लोंबत होती. मागच्या बाजूला बैलानं लाथ मारल्याचा पोचा होता. आसनांची तपकिरी खोळ मुळात पांढरी होती, हे त्यांना त्या दिवशी सकाळी कळलं होतं. "एवढ्या वर्षांत एका माणसानं सांगू नये मला!"

विकायची तर होतीच, म्हणाल्या. इतकं धूड त्यांनी खड्ड्यांपायी ठेवलं होतं, आणि आता पाहावं तर ते खड्डे म्हणजे झाडांच्या सावल्या. एखादी लहान गाडी त्यांना पुरे होती. दिवे आणि काच यांच्यापायी कमी केलेले पैसे त्या आता पुन्हा लावणार होत्या. मात्र गंज, पोचा आणि खोळ यांचे सोडणार होत्या. म्हणजे किंमत होती तिथंच आली.

बरोबर आलेल्या मेव्हण्यानं घासाघीस करायला घसा खाकरला.

"घेतली," बघूशेठ म्हणाले.

मेव्हण्याचा घसा तसाच राहिला. घरी बायकोनं बातमी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग ती नुसती हसत बसली.

गाडी धुतली, घासली, उन्हात दारं उघडी टाकून ठेवली, तरी तिचा गोठ्याचा वास काही गेला नाही. आणि खेड्यापाड्यांत लोक अजून तिला बाईंचीच समजतात. लांबून ओळखून हात दाखवतात. परवा एका म्हाताऱ्यानं ती भर रस्त्यात अडवली. काखेत शेळी. शेळीचे डोळे चिकटले होते.

बघूशेठनी आपण जनावरांचे डॉक्टर नाही, असं परोपरीनं सांगितलं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "पण डोळ्यांचे आहात ना?"

हे खोटं कसं म्हणावं? बघूशेठ बॅटरी घेऊन खाली उतरले.