वाढत्या मापाची सीट

अन्याय झाला तो माझ्या भाचीवर. वय दोन वर्षं एक महिना, वजन अकरा किलो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, सकाळी सव्वाअकरा वाजता, धुळ्याहून जळगावला येताना, पारोळ्याच्या अलीकडे. अन्याय करणाऱ्यांत पहिली मी. गाडी मीच चालवत होते.

सणाला बहिणीला माहेरी आणायचं होतं. आम्हाला भाऊ नाही, म्हणून मुराळी मीच. मागे बहीण, तिच्या शेजारी लहान मुलांच्या सीटवर भाची. ऊन मी म्हणत होतं, रस्ता मोकळा होता. चाऱ्याने भरलेली एक ट्रॉली शेतातून थेट रस्त्यावर आली आणि मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, ट्रॉलीला धक्काही लागला नाही. पण पोर पट्ट्याखाली घसरली आणि पट्टा तिच्या गळ्यात आला. ती रडलीसुद्धा नाही. बहीण किंचाळली म्हणून मी वळून पाहिलं. कानापासून गळ्यापर्यंत लाल वळ.

पारोळ्यात डॉक्टरांनी मान तपासली आणि म्हणाले, "निभावलं." घरी आल्यावर प्रत्येक जण तेच म्हणाला. निभावलं, देवाची कृपा, चला मांडे गरम आहेत.

मी मांड्याचं ताट सरकवलं. कारण ती सीट आम्हीच दिलेली. महिन्यापूर्वी, पोरीच्या दुसऱ्या वाढदिवसाला, आई आणि मी जळगावच्या बाजारातून घेतली होती. दुकानदार म्हणाला होता, "ताई, वाढत्या मापाची घ्या, सात-आठ वर्षं बघायला नको." आईला लगेच पटलं. आमच्याकडे लेकरांचं सगळंच वाढत्या मापाचं. फ्रॉकला आत चार बोटं दुमड, बुटाच्या टोकात कापूस. मलाही पटलं. शाळेच्या रिक्षांत पोरं कोंबतात म्हणून चौकाचौकात पत्रकं वाटणारी मी. पण ती सीट उलटी करून खालचं लेबल काही वाचलं नाही. त्या संध्याकाळी वाचलं. पंधरा किलोच्या पुढच्या मुलांसाठी.

फ्रॉक मोठा झाला तर पोर वेंधळी दिसते, एवढंच. सीट मोठी झाली तर गाडीचा पट्टा खांद्याऐवजी गळ्यावर येतो. यात न कळण्यासारखं काय आहे? काहीच नाही. आम्ही पाहिलंच नव्हतं.

"ही सीट मी परत नेणार," मी म्हटलं.

"माहेरची भेट परत नेतात होय?" आई. "धुळ्याला हिच्या सासूबाई काय म्हणतील?"

आबा, म्हणजे आमचे वडील, ओट्यावरून बोलले, "बठ्ठा पोऱ्या ट्रॅक्टरवर वाढनात. कोणले काय व्हयनं?"

"आबा, सगळी पोरं ट्रॅक्टरवरच वाढली, मग तुमच्या हनुवटीला टाके कशाचे?"

आबांनी हनुवटीवरून हात फिरवला. मग बहिणीकडे पाहून म्हणाले, "हाई मावशी नई, पोलीस शे."

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी पोलीस दुकानात गेली. गाडीत मी एकटी; भाची, बहीण आणि आबासुद्धा मागून पायी. दुकानदार म्हणाला, "लेकराला उन्हात कशाला आणलं? वय सांगितलं असतं तरी दिली असती."

"वय सांगूनच नेली होती की मागच्या महिन्यात."

पहिली सीट पोरीला बरोबर बसली, पण आमच्या गाडीत घट्ट बसेना. मी बुडाशी धरून हलवली तर पडायला आलेल्या दातासारखी डुलली. दुसरीचे पट्टे तिच्या खांद्यांना पुरेनात. तिसरी अठरा किलोपर्यंत मागे तोंड करून बसवता येते असं लेबलवर होतं; कंबर आणि खांदे दोन्ही धरणारे पट्टे. दुकानदार म्हणाला, "प्लॅस्टिक काढू नका हं, आधी घ्यायची का सांगा." मी प्लॅस्टिक काढलं. पोरीला बसवलं, पट्टा ओढला, खांद्याशी चिमटीत धरून पाहिला. चिमटीत येईना, इतका घट्ट.

"पाय दुमडतात गं बिचारीचे," बहीण म्हणाली.

"पाय दुमडू दे. ब्रेक लागला तर मान नको दुमडायला."

आबांनी स्वतः दोन्ही हातांनी सीट हलवून पाहिली. जागची हलली नाही. "खुंटा हालना ते बैल गया," म्हणजे खुंटा हलला की बैल गेलाच, एवढंच म्हणाले आणि जुनी सीट दुकानदारासमोर ठेवली. तो बदलून द्यायला कुरकुरला. मी लेबल मोठ्याने वाचलं, दुकानात गिऱ्हाईक होतं. दिली.

बहिणीला धुळ्याला पोचवायला मंगळवारीच निघालो, कारण लेकीने बुधवारी माहेर सोडू नये, 'जाशील बुधी तर येशील कधी'. भाची मागे तोंड करून बसली आणि जळगाव सुटायच्या आत तिने आकांत मांडला. एरंडोलपर्यंत बहिणीने खुळखुळा, केळं, गाणी सगळं केलं. एरंडोलच्या पुढे मागून पट्टा सुटल्याचा खट्ट आवाज आला.

मी गाडी बाजूला घेतली आणि चावी काढली.

"पाच मिनिटं मांडीवर घेते गं. घसा बसेल तिचा."

"घे. गाडी थांबलीये तोवर घे."

"तू काय तिची आई आहेस?"

"नाही. ड्रायव्हर आहे."

वीस मिनिटं आम्ही त्या उन्हात एका लिंबाच्या सावलीला उभ्या होतो. बहिणीने माझ्याकडे पाठ केली. तिने पोरीला पाणी पाजलं, थोपटलं. मग तिच्या गळ्यावरचा पिवळा पडत चाललेला वळ तिला दिसला असावा, कारण तिने स्वतःच पोरीला परत सीटवर ठेवलं आणि पट्टा लावला. पोर पुन्हा रडली. धुळ्यापर्यंत रडली. आम्ही तिला रडू दिलं.

आता तुम्ही. उद्या सकाळी लेकराला काट्यावर उभं करा, भिंतीला टेकवून उंची मोजा. सीट उलटी करा, लेबल वाचा. सीट जुळत नसेल तर ती बदलून मिळेपर्यंत लेकराला घेऊन गाडी काढू नका. नवी घ्यायला जाताना लेकरू आणि गाडी दोन्ही दुकानापर्यंत न्या, पण लेकरू गाडीतून नको, पायी किंवा बसने; गाडीत बसवून बघू देत नसेल तर दुसरं दुकान गाठा. आणि महिन्याभराने पुन्हा मोजा.