आजोबांचा झेंडू आणि फोनमधला बाजार

अगं, जवळ ये जरा. लांबून बोललेलं तुला ऐकू येत नाही आणि फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे लिहून पाठवतेय. मामा आज रात्रीच मोबाईलवर धाडेल. आणि आधी एक सांग, हे काय वागणं झालं? दुपारी फोन करायचा, रडायचं, "आजी, बाजार पडलाय, सोमवारी उघडला की सगळं विकून टाकते" म्हणायचं आणि फोन ठेवून द्यायचा. जेवलीस का, तेही सांगितलं नाहीस. पगारातून थोडे थोडे शेअरबाजारात टाकून तू पैसे जमवलेस, स्वतःचं फिजिओथेरपीचं दुकान टाकायचं म्हणून. दवाखाना म्हण, तू म्हणतेस तसं. तो दवाखानाच बुडाला असं तुला वाटतंय. मला कळतं गं. मी हे घरात बघितलंय.

तुला आजोबा आठवतात ते आत्ताचे, गंगापूर रोडच्या या घरात खुर्चीवर बसलेले. पण त्यांची सगळी उमर झेंडूत गेली. आपलं शेत याच अंगाला, थोडं पुढे. पहाटे फुलं तोडायची, प्लॅस्टिकची कॅरेट भरायची आणि फुलबाजारात जायचं. सकाळी भाव असला तर खुशीत. ऊन चढलं की फूल मान टाकतं, भावही मान टाकतो. दसऱ्याला तर बघायलाच नको. सकाळी गिऱ्हाईक पाया पडून नेतं आणि संध्याकाळी तीच फुलं रस्त्यावर पडतात, गायी खातात. म्हणून आजोबांचा एकच नियम होता. भाव उतरायला लागला की मिळेल त्याला देऊन मोकळं व्हायचं. यात ते कधी चुकले नाहीत. घर त्यावरच उभं राहिलं.

पुढे गुडघे गेले, शेतातला एक तुकडा विकला. पैसे आले त्यातले थोडे मामाने फोनमधल्या बाजारात घालून दिले. काही म्युच्युअल फंडात, काही शेअरमध्ये. एक शेअर आजोबांनी स्वतःच घेतला, चहाच्या टपरीवरच्या एका माणसाच्या सांगण्यावरून. म्हातारपणी कुणापुढे हात पसरायला लागू नये, एवढीच त्यांची इच्छा. गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसेही त्यातच होते.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग एकदा नवरात्राच्या तोंडावर बाजार पडायला लागला. तुझे आजोबा जेवताना फोन ताटाशेजारी ठेवायला लागले. भाकरी मोडायची, बघायचं. घट बसवले त्या दिवशी आंघोळ करून आले आणि म्हणाले, "आज सगळं विकून टाकतो. पोराला बोलीव."

मी टोपलीत माती पसरत होते. म्हटलं, "घट बसताहेत. आता घरातलं काही हलवायचं नाही."

"देवीचा नि शेअरचा काय संबंध?"

"लक्ष्मी घराबाहेर काढू नये या दिवसांत."

"अगं, विकल्यावर पैसा घरातच येतो की. बाहेर कुठं जातो?"

बोलण्यात त्यांना कोण हरवणार. मी एवढंच म्हटलं, "ते मला कळत नाही. घट उठू द्या, मग काय करायचं ते करा." देवीपुढे त्यांचं काही चालत नाही. पुटपुटले, पण थांबले.

खरं सांगू, मला बाजारातलं काही कळत नव्हतं. आजही कळत नाही. त्यांच्या तोंडावरची भीती तेवढी कळत होती. भ्यालेल्या माणसाने त्या घडीला काही करू नये, मग ते भांडण असो की सोयरीक.

बाजार काही देवीला घाबरला नाही. माळ चढत होती आणि भाव उतरत होता. रोज दुपारी साडेतीनला बाजार बंद व्हायची वेळ आली की हे खुर्चीवरून उठायचे, ओट्यावर जायचे, परत यायचे, हात झटकायचे. एक दिवस मी वाती वळता वळता बघत राहिले. मला ती चाल ओळखीची वाटली. फुलबाजारात कॅरेटमध्ये फुलं उरली की हे असेच फिरायचे, असेच हात झटकायचे आणि अर्ध्या भावात देऊन टाकायचे.

मी हाक मारली, "अहो, हा झेंडू नाही. संध्याकाळी सुकत नाही."

ते उभेच राहिले. म्हणाले, "मग काय हाय?"

"आपल्या बांधावरचा आंबा समजा."

"दोन वर्षं मोहर नाय आला त्याला."

"मग तोडलात?"

"तोडतो कशाला? झाड चांगलं हाय." मग खाली बसले, गुडघा चोळत म्हणाले, "पण कीड लागलेलं झाड ठेवून लय नुकसान होतं, तेवढं ध्यानात ठेव."

"तेही खरं," मी म्हटलं. "पण कीड आहे का, ते बसून बघा. पळता पळता नाही दिसत."

घट उठले. टोपलीतलं हिरवं धान त्यांनी कानाला खोवलं, मामाला बोलावलं आणि चहा घेत बसले. टपरीवरच्या माणसाने सांगितलेला शेअर विकला, तोटा खाऊन. त्याला कीडच होती. पुढे बाजार जरा चढल्यावर ऑपरेशनपुरते पैसे काढून बँकेत ठेवले, कारण ज्याची लवकर गरज आहे ते बाजारात ठेवू नये, हे दोघांनाही पटलं. बाकीचं राहू दिलं. सगळं भरून यायला बराच वेळ लागला. मधल्या काळात हे चिडचिडलेही, झोप मात्र लागायची. आता तर फोन कुठे ठेवला तेच सापडत नाही त्यांना.

तुझा दवाखाना व्हायला अजून चार-पाच वर्षं आहेत असं तूच म्हणाली होतीस. मग सोमवारची एवढी घाई कुणाला आहे? तुझ्या झाडाला कीड आहे का, ते मला सांगता येणार नाही. मामा बघेल, तूही बघ. विकायचंच ठरलं तर विक, मी एक शब्द बोलणार नाही. फक्त रडून झाल्यावर, जेवून, झोपून मग ठरव. आजोबा म्हणतात, "तिला सांग, गुडघा दाखवायचा हाय. पहिला पेशंट मीच."

उद्या शनिवार, बाजार बंद. सकाळच्या बसने ये बाई, मी बाजरीची भाकरी आणि ठेचा करून ठेवते.